पेट्रोलचा कर कोण भरतो?

एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने पेट्रोल व डिझेल यांवरील उत्पादनशुल्क लिटरमागे दोन-दोन रुपयांनी वाढविले, त्या वेळी देशात फारसे मोर्चे निघाले नाहीत. पंपावरचा आकडा बदलला नव्हता, हे त्याचे साधे कारण. जगाच्या बाजारात कच्च्या तेलाचे भाव त्याच सुमारास चार वर्षांतील नीचांकावर आले होते. तेल कंपन्यांना झालेल्या त्या लाभातून सरकारने आपला वाटा काढून घेतला आणि ग्राहकाच्या खिशाला हातही लावला नाही, असे जाहीर केले. हात लावला नाही हे खरे. पण त्या खिशात जे पडावयास हवे होते ते पडूही दिले नाही. भाव वाढल्यावर लोक ओरडतात, भाव उतरावयास हवे होते आणि उतरले नाहीत तर ओरडत नाहीत, ही गोष्ट दिल्लीच्या अर्थखात्याला पुरती उमगलेली आहे.

हा शोध नवा नाही. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात कच्चे तेल घसरत असताना उत्पादनशुल्क नऊ वेळा वाढविण्यात आले. पेट्रोलवर लिटरमागे ११ रुपये ७७ पैसे आणि डिझेलवर १३ रुपये ४७ पैसे, अशी ती एकूण वाढ होती. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘नियंत्रणमुक्त’ झाले, म्हणजे यापुढे बाजार वर गेला तर भाव वर जातील आणि खाली आला तर खाली येतील, असे जनतेला सांगण्यात आले होते. वर जाताना बाजाराचा नियम आणि खाली येताना खजिन्याचा नियम, असा त्याचा व्यवहारातील अर्थ निघाला. (निवडणुकीच्या दिवसांत दोन्ही नियम रजेवर जातात. ४ नोव्हेंबर २०२१ पासून २२ मार्च २०२२ पर्यंत, म्हणजे उत्तर प्रदेशची निवडणूक उरकेपर्यंत, पंपावरचा दर जागचा हलला नाही.) ज्या पक्षाने हे केले, त्याच्या पूर्वावतारातील नेते अटलबिहारी वाजपेयी १२ नोव्हेंबर १९७३ रोजी पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत आले होते. ती बैलगाडी पुढे कोठे गेली, याची चौकशी कोणी केलेली दिसत नाही.

परंतु राज्यकर्त्यांच्या ढोंगाचा पाढा वाचणे हा येथील हेतू नाही. प्रश्न समाजवादी चळवळीच्या स्वतःच्या भूमिकेचा आहे, आणि ती भूमिका स्पष्ट आहे असे म्हणता येत नाही.

चळवळीत या विषयावर दोन प्रवाह आढळतात. एक प्रवाह जुना आहे. पेट्रोल ही श्रीमंतांची वस्तू. मोटारवाल्यांवर कर बसतो, तर बसू द्यावा. आपण रॉकेल, धान्य आणि एस. टी. यांच्याबद्दल बोलावे. ज्या काळात फियाट वा अ‍ॅम्बॅसडर मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे यादीत नाव ठेवावे लागे, त्या काळी ही भूमिका योग्यच होती. १९७२ नंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांच्या मागण्यांत रॉकेल होते, पेट्रोल नव्हते, आणि यात कोणाला काही वावगे वाटले नाही. दुसरा प्रवाह अलीकडचा. दर वाढला की पंपासमोर जावे, घोषणा द्याव्या, दुचाकी ढकलत नेऊन छायाचित्र काढावे आणि ‘कर कमी करा’ असे निवेदन तहसीलदाराच्या हाती देऊन परतावे. १० सप्टेंबर २०१८ च्या भारत बंदपासून आजवर असे कार्यक्रम असंख्य झाले. पहिल्या प्रवाहाने वाहनावर अवलंबून असलेल्या माणसाला ओळखलेले नाही, तर दुसऱ्याने तो अवलंबून का आहे याचा विचार केलेला नाही.

हा माणूस कोण आहे? पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षाने नीलसन या संस्थेकडून २०१३ साली देशभर पाहणी करविली. तिचा अहवाल जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. देशातील पेट्रोलपैकी ६१ टक्क्यांहून अधिक पेट्रोल दुचाकी वाहने जाळतात, आणि मोटारींच्या वाट्याला सुमारे ३४ टक्के येते, असे त्या पाहणीत आढळले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात मोटार असलेली कुटुंबे आठ टक्क्यांच्या आसपास आहेत आणि दुचाकी असलेली जवळजवळ निम्मी. तेव्हा पेट्रोलवरचा कर हा ‘मोटारवाल्यांवरचा कर’ आहे ही समजूत सोडून द्यावी लागते. तो प्राधान्याने मोटारसायकलवाल्यांवरचा कर आहे; आणि मोटारसायकल हे आज महाराष्ट्राच्या खेड्यातील चैनीचे नव्हे, तर रोजीचे साधन आहे.

एखाद्या औद्योगिक वसाहतीच्या फाटकापाशी सकाळी सात वाजता उभे राहिले तर हे डोळ्यांनी दिसते. तीस-तीस किलोमीटरवरून कंत्राटी कामगार येतात, दोघे एका गाडीवर, कधी तिघे. कारखान्याची बस कायम कामगारासाठी असते, आणि कायम कामगार हा प्राणी दुर्मीळ होत चालला आहे. दूध संकलनाच्या कॅनी दुचाकीला बांधून नेणारा, वाड्यावस्त्यांवर फिरणारी आशा कार्यकर्ती, मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून तालुक्याच्या दवाखान्यात जाणारी म्हातारी, भाजीचा टेंपो घेऊन पहाटे बाजार समिती गाठणारा शेतकरी, शहरातून घरोघरी जेवणाचे डबे पोचविणारा आणि पेट्रोल स्वतःच्या पैशाने भरणारा पोरगा, आणि पश्चिम महाराष्ट्रात ज्याला ‘वडाप’ म्हणतात त्या जीपचा चालक: हे सर्व या कराचे खरे करदाते होत. यांपैकी बहुतेकांचे नाव आयकर खात्याच्या दप्तरी नाही, म्हणून त्यांना ‘कर न भरणारे’ म्हणण्याची पद्धत पडली आहे.

उदाहरणादाखल एक हिशेब करून पाहावा. कामाचे ठिकाण घरापासून तीस किलोमीटरवर आहे. महिन्यात सव्वीस दिवस काम. गाडी लिटरला पन्नास किलोमीटर चालते. महिन्याला सुमारे एकतीस लिटर पेट्रोल लागले. मे २०२० मध्ये केंद्राचे उत्पादनशुल्क लिटरमागे ३२ रुपये ९८ पैसे झाले होते. म्हणजे या कामगाराने केवळ केंद्र सरकारला महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक दिले. राज्याचा कर त्यावर वेगळा. आणि राज्याचा टक्केवारीचा कर केंद्राच्या शुल्कासह होणाऱ्या किमतीवर बसतो, म्हणजे करावरही कर. त्याचा पगार बारा हजार धरला, तर बारावा हिस्सा तेथेच संपला. दीड लाख रुपये पगाराचा अधिकारी आपल्या मोटारीत महिन्याला शंभर लिटर पेट्रोल भरत असेल, तर त्याने तोच कर तीन हजार तीनशे रुपयांच्या आसपास भरला. त्याच्या पगाराचा तो पंचेचाळिसावा हिस्सा. कामगाराने पेट्रोल कमी जाळावे असे म्हणावे, तर कामावर जाण्याचे तीस किलोमीटर कमी होत नाहीत. अधिकाऱ्याला मात्र महाबळेश्वरची एक फेरी टाळता येते. ज्याला टाळता येत नाही त्याच्याकडूनच कर हमखास वसूल होतो, आणि अर्थमंत्र्यांना इंधन प्रिय असण्याचे कारणही हेच आहे.

मे २०२० चा उल्लेख मुद्दाम केला आहे. त्या वर्षी मार्चमध्ये लिटरमागे तीन रुपये आणि मेमध्ये पेट्रोलवर दहा, डिझेलवर तेरा रुपये अशी शुल्कवाढ झाली. एप्रिलमध्ये कच्चे तेल पिंपाला वीस डॉलरांच्याही खाली गेले होते. त्याच वेळी टाळेबंदीमुळे मुंबईच्या लोकलगाड्या सामान्य प्रवाशांना बंद होत्या, आणि फेब्रुवारी २०२१ पर्यंत त्या सर्वांसाठी खुल्या झाल्या नाहीत, नंतरही ठरावीक वेळांतच. निर्बंध सैल होऊन कामावर हजर राहण्याची सक्ती सुरू झाली, तेव्हा विरार, कल्याण, बदलापूर येथून हजारो लोक दुचाकीने मुंबई गाठू लागले. जन्मात कधी स्वतःच्या वाहनाने कामावर न गेलेल्यांनीही कर्ज काढून जुन्या गाड्या घेतल्या. सार्वजनिक वाहतूक बंद आणि स्वतःच्या वाहनाच्या इंधनावर इतिहासातील सर्वांत जबर शुल्क, अशा कात्रीत तो वर्ग महिनोन्महिने सापडला होता.

मुंबईत ही स्थिती महामारीने आणली. खेड्यात ती महामारीशिवायच आलेली आहे.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एस. टी. गेली. ‘गाव तेथे एस. टी.’ हे ब्रीद पुढे महाराष्ट्राने अभिमानाने मिरविले, आणि तो अभिमान खोटा नव्हता. रात्री मुक्कामी येणारी व पहाटे निघणारी गाडी हे कित्येक गावांचे घड्याळ होते; मुली हायस्कुलात गेल्या त्या या गाडीने, म्हातारे दवाखान्यात गेले ते या गाडीने. आज परिस्थिती काय आहे? महामारीपूर्वी अठरा हजारांच्या आसपास असलेला गाड्यांचा ताफा नंतरच्या वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास उतरला. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या न्याय्य होत्या. परंतु सहा महिन्यांच्या त्या काळात ज्या प्रवाशाने मोटारसायकल घेतली तो परत आला नाही, आणि प्रवासी नाही म्हणून फेरी परत आली नाही.

आता या एस. टी.वर कर किती आहेत ते पाहावे. महामंडळाच्या गाड्यांना दिवसाला दहा लाख लिटरांच्या घरात डिझेल लागते. त्या डिझेलवर केंद्राचे शुल्क आहे, राज्याचा मूल्यवर्धित कर आहे. खासगी मोटारीच्या टाकीत जाणाऱ्या डिझेलवर जो आहे तोच. शिवाय प्रवाशाच्या तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर. मार्च २०२२ मध्ये तर घाऊक खरेदीदारांसाठी डिझेलचा भाव लिटरमागे सुमारे पंचवीस रुपयांनी वाढविला गेला. मुंबईत पंपावर ९४ रुपयांना मिळणारे डिझेल घाऊक घेणाऱ्याला १२२ रुपयांना पडू लागले. जास्त माल घेणाऱ्याला जास्त भाव, हा बाजाराचा कोणता नियम हे अर्थशास्त्रज्ञांनी सांगावे. पण त्याचा परिणाम असा झाला की सरकारी महामंडळाच्या गाड्या रस्त्यावरच्या पंपांवर खासगी मोटारींच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये एस. टी.चे भाडे डिझेलच्या दराकडे बोट दाखवून १७.१७ टक्क्यांनी वाढले होते. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा १४.९५ टक्के वाढले.

ज्याच्याकडे कोणतेच वाहन नाही, तोही इंधनावरचा कर भरतो तो असा. भाडे वाढले की वाहन घेण्याची ऐपत असलेला प्रवासी एस. टी. सोडतो. राहिलेल्या प्रवाशांत तिचा खर्च निघत नाही. फेरी बंद होते. मग ज्याची ऐपत नाही तोही हप्त्यावर गाडी घेतो आणि पंपावर येऊन उभा राहतो. कर प्रथम एस. टी.ला मारतो आणि मग एस. टी. नाही म्हणून वाहन घेणाऱ्याकडून दुसऱ्यांदा वसूल होतो. वर्षाकाठी सरकार महामंडळाला जी ‘मदत’ जाहीर करते, तिच्याकडे या हिशेबाच्या उजेडात पाहिले पाहिजे. एका हाताने डिझेलवर आणि तिकिटावर घ्यावयाचे, दुसऱ्या हाताने त्यातले काही परत करावयाचे, आणि परत करताना उपकाराची भाषा वापरावयाची.

हा पैसा जातो कोठे, हा पुढचा प्रश्न. पेट्रोलियम पदार्थांवरील उत्पादनशुल्कातून केंद्राला २०१४-१५ मध्ये सुमारे ९९ हजार कोटी रुपये मिळाले होते. २०२०-२१ मध्ये ते उत्पन्न सुमारे ३ लाख ७३ हजार कोटींवर गेले, आणि तेही ज्या वर्षी देश अर्धा वेळ बंद होता त्या वर्षी. मागच्या सरकारने काढलेल्या तेलरोख्यांचे ओझे फेडावयाचे आहे, असा खुलासा अर्थमंत्र्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये केला. त्या रोख्यांचे वर्षाचे व्याज दहा हजार कोटींच्या आसपास होते. खुलाशाची तेवढी किंमत.

खरी गोष्ट निराळीच आहे. २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर रद्द झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील आयकराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्क्यांवर आणला गेला. त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सुटेल, हा आकडा सरकारनेच दिला. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत इंधनावरील दोन्ही शुल्कवाढी झाल्या. एका खिशातून सुटलेले दुसऱ्या खिशातून भरून घेतले गेले. फक्त खिसे एका माणसाचे नव्हते.

राज्यांनाही यातून फारसे मिळाले नाही. मे २०२० ची वाढ सर्वस्वी विशेष जादा शुल्क आणि रस्ते उपकर या नावांखाली होती. उपकर आणि अधिभार यांतून आलेला पैसा राज्यांशी वाटून घ्यावा लागत नाही, असे घटनेचे २७० वे कलम सांगते. फेब्रुवारी २०२१ नंतर पेट्रोलवरील सुमारे ३३ रुपयांच्या शुल्कापैकी वाटपास पात्र असे मूळ शुल्क अवघे १ रुपया ४० पैसे उरले होते. वित्त आयोगाने राज्यांना ४१ टक्के वाटा द्यावा असे म्हटले. तो वाटा या एका रुपया चाळीस पैशांतला. मग राज्ये आपला मूल्यवर्धित कर सोडावयास तयार होत नाहीत, आणि दिल्लीतून त्यांना निर्दय म्हटले जाते. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करातून पेट्रोल, डिझेल बाहेर ठेवण्यात दोघांचेही एकमत होते, हे मात्र विसरता कामा नये.

महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांना यावरून निर्दोष ठरविण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये अधिभार आला. पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला, अधिभार राहिला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतची दारूची दुकाने बंद झाली, तेव्हा बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी पेट्रोलवरचा अधिभार तीन रुपयांनी वाढविला गेला. दारू पिणाऱ्याने न प्यालेल्या दारूचा कर दूधवाल्याने भरावा, ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्याची तारीफच करावी लागेल! जुलै २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ च्या अर्थसंकल्पात, निवडणूक चार महिन्यांवर असताना, राज्याने काही सवलत दिली हे खरे आहे. परंतु सवलतीचा हात कोठे सैल सुटतो तेही पाहावे. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे व रायगड येथे विमानाच्या इंधनावरील कर २५ वरून १८ टक्के करण्यात आला. मार्च २०२५ मध्ये तीस लाखांहून अधिक किमतीच्या विजेवर चालणाऱ्या मोटारींवर सहा टक्के कर सुचविला गेला आणि महिना संपण्याआधीच तो मागे घेत असल्याचे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. असे का, तर पर्यावरणासाठी.

पर्यावरणाचा मुद्दा टाळता येणार नाही, आणि टाळूही नये. कोळसा व तेल जाळण्याला आळा घातला पाहिजे हे समाजवादी चळवळीने मान्य केलेले आहे. अवर्षण आणि अवकाळी यांचा पहिला फटका तिच्याच माणसांना बसतो. तेव्हा ‘इंधन स्वस्त करा’ एवढीच मागणी घेऊन उभे राहणे तिला शोभणारे नाही. परंतु हवामानाच्या नावाने कर कसा बसवू नये, याचा धडा फ्रान्सने नोव्हेंबर २०१८ मध्ये जगाला दिला आहे आणि तो आपल्याकडे नीट वाचला गेलेला नाही.

तेथील सरकारने १ जानेवारी २०१९ पासून डिझेलवर लिटरमागे साडेसहा आणि पेट्रोलवर सुमारे तीन युरो-सेंट अधिक कर जाहीर केला होता. रक्कम मोठी नव्हती. पण त्याच सरकारने २०१८ च्या आरंभी श्रीमंतांवरील संपत्ती कर रद्द करून त्याऐवजी केवळ स्थावर मालमत्तेवर कर ठेवला होता, आणि विमानांच्या इंधनावर तर तेथे कर नव्हताच. लहान गावांतून रेल्वेच्या शाखा, टपाल कचेऱ्या, प्रसूतिगृहे बंद होत गेली होती. परिचारिका, बांधकाम मजूर, सुतार, वृद्धांची सेवा करणाऱ्या स्त्रिया यांना मोटारीशिवाय भाकरी मिळविणे अशक्य झाले होते. सरकारनेच एके काळी डिझेलची मोटार घ्यावयास उत्तेजन दिले होते. १७ नोव्हेंबरला हे लोक रस्त्यांच्या चौकांत येऊन बसले. अंगात पिवळे जाकीट होते, कारण ते प्रत्येक मोटारीत ठेवणे २००८ पासून कायद्याने बंधनकारक होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरकारला करवाढ रद्द करावी लागली.

यातील विचारात घेण्याजोगी गोष्ट डाव्यांच्या वागण्याची आहे. प्रारंभीचे काही आठवडे फ्रान्समधील मोठ्या कामगार संघटना या आंदोलनापासून अंतर राखून होत्या. मोटारवाल्यांचे आंदोलन, त्यात अति-उजव्यांची घुसखोरी, असा त्यांचा संशय होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. पण चौकातल्या शेकोट्यांभोवती बसलेल्यांच्या मागण्यांत लवकरच संपत्ती कर पुन्हा लावा, किमान वेतन वाढवा, बंद केलेले लोहमार्ग चालू करा, अशा मागण्या येऊ लागल्या. त्या डाव्यांच्याच जुन्या मागण्या होत्या. ज्यांनी त्या मांडावयाच्या ते बाहेर उभे होते आणि उजवे आत जाऊन बसले होते.

उलट टोकाचे उदाहरण शोधावयास फार लांब जावे लागत नाही. गोव्यात २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर सरकारने निवडणुकीतील वचनानुसार पेट्रोलवरील कर वीस टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला. पेट्रोल लिटरमागे सुमारे अकरा रुपयांनी स्वस्त झाले. बांद्याचे, सावंतवाडीचे लोक टाक्या भरावयास सीमेपलीकडे जाऊ लागले. पुढे खजिन्याला तोटा सोसवेना तेव्हा तो कर पुन्हा वाढत गेला. दरम्यान कदंब महामंडळाच्या गाड्यांची स्थिती काही पालटली नाही. संध्याकाळ झाली की गोव्याच्या खेड्यात बस नाही, आणि घरटी एक नव्हे, दोन-दोन स्कूटर आहेत. स्वस्त पेट्रोलाने गोवेकराचे चार पैसे काही वर्षे वाचले, परंतु वाहनावरचे त्याचे अवलंबन कमी झाले नाही.

तेव्हा मागणी दराची नव्हे, कराच्या विनियोगाची आणि करभाराच्या वाटणीची असली पाहिजे. एस. टी. आणि शहरांच्या बससेवा यांच्या डिझेलवर केंद्राचे शुल्क व राज्याचा कर, दोन्ही नकोत. तिकिटावरील साडेसतरा टक्के प्रवासी कर हा तर आजच्या आज रद्द होण्यासारखा आहे. त्याला दिल्लीची संमती लागत नाही. रस्ते उपकराच्या नावाने गोळा होणारा पैसा द्रुतगती मार्गांवरच का खर्च व्हावा, त्या रस्त्यांवरून धावणाऱ्या सार्वजनिक गाड्यांवर का नाही, हे विचारले पाहिजे. उपकर राज्यांशी वाटून घेतले पाहिजेत. संपत्ती कर परत आला पाहिजे. आणि एवढे झाल्यावर मोठ्या मोटारींच्या इंधनावर कर चढा राहिला, तर त्याविरुद्ध समाजवाद्यांनी तक्रार करू नये. दुचाकीच्या आणि मोटारीच्या टाकीत पेट्रोल एकाच नळीने पडते, त्यामुळे पंपावर भेद करणे अवघड आहे हे मान्य. पण वाहनाच्या नोंदणी करात तो करता येतो, आणि तेथेच सरकारने मार्च २०२५ मध्ये माघार घेतली.

या कामाला आरंभ तालुका शाखांना करता येईल, आणि त्यासाठी पंपावर जाण्याची गरज नाही. आगारात जावे. २०१९ च्या वेळापत्रकात असलेल्या आणि आज नसलेल्या फेऱ्या कोणत्या, मुक्कामी गाड्या किती गावांतून उठल्या, याची यादी आगारप्रमुखाकडे मागावी. मिळाली नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. मग त्या गावांत जाऊन फेरी बंद झाल्यानंतर किती दुचाकी आल्या, त्यांतील किती कर्जावर आहेत, हप्ता किती आणि महिन्याचे पेट्रोल किती, हे घरोघर विचारावे. शाळा सोडलेल्या मुलींचीही नोंद घ्यावी, कारण मोटारसायकल घरात आली तरी तिच्यावर मागे बसवून न्यावयास रोज कोणी मोकळे असतेच असे नाही.